विलंबाचे कारण

मला आधी वाटलं, रकाने उलटे छापले गेलेत. सोमवारी सकाळी जिन्याजवळच्या फलकावर तो तक्ता लावलेला दिसला, वर मथळा ‘आपला संवर्ग : एका नजरेत’. सामाजिक सुरक्षा कार्यालयातले लाभ तपासनीस, म्हणजे आम्ही, सगळ्या शाखा मिळून चारशे बारा. त्यात बायका दोनशे सत्त्याण्णव. बायकांचं सरासरी वय एक्कावन्न, पुरुषांचं त्रेचाळीस. बायकांची सरासरी सेवा बावीस वर्षं, पुरुषांची पंधरा. इथपर्यंत ठीक होतं, एवढं तर आमच्या खोलीत नुसती मान वर केली तरी दिसतं. शेवटचा रकाना पगाराचा होता आणि त्यात पुरुषांचा आकडा बायकांपेक्षा सतरा टक्क्यांनी मोठा होता. आता सात वर्षं जास्त काम केलेल्यांना पगार कमी कसा असेल? सत्तावीस वर्षं मी लोकांच्या अर्जांतले असले उलटसुलट आकडे पकडत आले आहे. जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख, मुलाच्या वयाच्या जागी स्वतःचं, नवऱ्याच्या मृत्यूचं वर्ष त्याच्या नोकरीला लागण्याच्या आधीचं. हात आपोआप पर्सकडे गेला. लाल पेन काढून मी त्या दोन आकड्यांमध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण काढला, समासात ‘अदलाबदल? तपासावे’ असं लिहिलं, खाली आद्याक्षरं घातली आणि वर जाऊन कामाला लागले. मनातल्या मनात थोडी खूशही होते. मुख्य कार्यालयाची चूक सापडली की कोणाला बरं वाटत नाही?

साडेअकराला चष्मेवाला माझ्या टेबलाशी आला. हा माझ्याच हाताखाली तयार झालेला, सोळा वर्षांपूर्वी कोरा करकरीत आला होता, आता डोक्यावर टक्कल आहे. म्हणाला, “मॅडम, खालचा बाण तुमचाच ना? आकडे बरोबर आहेत.” मी म्हटलं, “बरोबर कसे असतील?” “विशेष श्रेणीमुळे. पुरुष जवळजवळ सगळे आहेत त्यात. बायका शंभरात अठरा.” “ती मुख्य कार्यालयातल्या लोकांना असते,” मी म्हटलं. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. अर्जदाराला वाईट बातमी द्यायची असली की हातांना काहीतरी काम द्यावं, हे मीच त्याला शिकवलं होतं. “असायची, मॅडम. सतरा वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली. बारा वर्षं सेवा झाली की सगळ्यांना मिळते. अर्ज केला तर.” मी विचारलं, “तू केलास?” “बारा वर्षं भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हीच शिकवलंत ना, तारीख हातची घालवायची नाही.” त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, तुला सांगितलं कोणी. तो म्हणाला, “खाली चहाला उभे राहतो ना आम्ही. तिथे सगळ्यांनाच माहीत असतं.”

खाली म्हणजे सायकली ठेवतात त्या पत्र्याखाली. पुरुष तिथे दिवसातून दोनदा जातात आणि कागदी पेल्यातून चहा पितात. आम्ही बायका मागच्या खोलीत, फायलींच्या मांडण्यांमध्ये जागा करून डबा खातो. तिथे मुलांच्या परीक्षा निघतात, कोणाच्या सासूचे गुडघे निघतात, आणि अर्ज तर निघतातच. डबा खातानासुद्धा आम्ही गिरणीत दोन बोटं गेलेल्या माणसाच्या अपंगत्वाचा टक्का काढत असतो. वीस वर्षांत त्या खोलीत एकदाही कोणी कोणाला पगार विचारला नाही. ते बरं दिसत नाही असं आम्हाला वाटायचं. आपलं कोणीतरी बघतच असेल, असंही वाटायचं. मला मात्र असं वाटायला नको होतं, कारण काउंटरच्या अलीकडे कोणीही कोणाचं बघत नसतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आमच्याकडे नियमांची दोन पुस्तकं असतात. हिरवं अर्जदारांसाठी, करडं कर्मचाऱ्यांसाठी. नियम बदलला की मुख्य कार्यालयातून छापील चिठ्ठी येते, ती कापून जुन्या नियमावर डकवायची. माझं हिरवं पुस्तक अशा चिठ्ठ्यांनी दुप्पट जाड झालं आहे आणि डिंकाचा वास मला घरी माझ्या हातांना येतो. यावरूनच मला ‘नियमावली’ म्हणतात, तोंडावरसुद्धा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. दुपारी मी कपाटाच्या तळातून करडं पुस्तक काढलं. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी काही काळ तेही माझ्याच ताब्यात होतं. दर बुधवारी तासभर मी ‘कर्मचारी शंका’ अशी पाटी लावून बसायचे आणि आपल्याच लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. पुस्तकाच्या मागच्या खिशात एक पाकीट होतं, तोंड बंद, कधी न फोडलेलं. वर ‘मिळाले’ असं लिहून सही केलेली होती, आणि सही माझी होती. आत नऊ चिठ्ठ्या होत्या. सहावी चिठ्ठी विशेष श्रेणीची होती. हिरव्या पुस्तकातला एक स्वल्पविरामही मी डोळ्यांत तेल घालून बदलला होता, आणि करड्याचं पाकीट उद्या बघू म्हणून ठेवून दिलं होतं.

पण पाकिटापाशी हे संपलं नाही. माझं स्वतःचं नुकसान मला अजून नीट कळलंही नव्हतं. मी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिथे सावकाशताई बसते. तिचं हे नावही आम्हीच ठेवलेलं, कारण कोणीही घाबराघुबरा अर्जदार समोर आला की ती आधी खुर्ची दाखवते आणि म्हणते, “सावकाश.” माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, नोकरीत दोन वर्षांनी आधी लागलेली. त्या बुधवारी तिची साठी पूर्ण होऊन ती निवृत्त होणार होती. पंधरा वर्षांपूर्वी, असाच एक बुधवार होता, माझ्या पाटीसमोर ती येऊन बसली होती. शेजारच्या टेबलावरून उठून, रीतसर, रांगेत उभी राहून. मला त्याचं हसू आलं होतं. “विशेष श्रेणी म्हणून काही असतं म्हणे. आपल्याला असतं का गं?” आणि मी पुस्तक न उघडता म्हणाले होते, “मुख्य कार्यालयवाल्यांना असतं. आपल्याला लागू नाही.” तेव्हा माझी बारा वर्षं नुकती भरली होती आणि तिची चौदा झाली होती. ती ‘बरं’ म्हणाली आणि उठली. त्याच वर्षी तिचा नवरा अंथरुणाला खिळला. नंतर तिने घराची पुढची खोली भाड्याने दिली, ती अजून भाड्यानेच आहे. ती स्वयंपाकघरात झोपते. सवय झाली की काही वाटत नाही, ओट्याखाली पाय जातात, असं ती एकदा डबा खाताना हसत म्हणाली होती.

आमच्या अर्जाला, मग तो अर्जदाराचा असो की कर्मचाऱ्याचा, अकरावा रकाना असतो, ‘विलंबाचे कारण’. हक्क कधीपासूनचा का असेना, पैसे मिळतात ते अर्जाच्या तारखेपासून. उशीर झाला तर कारण लिहायचं. लोक लिहितात, ‘माहीत नव्हते’. हे कारण ग्राह्य नाही, त्याचा माझ्याकडे शिक्काच आहे. मागे एक म्हातारी आली होती, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. तिला मी सांगितलं, आजी, आजपासूनचं मिळेल, मागचं नाही मिळणार. ती म्हणाली, “पण मी तेव्हाही विधवाच होते ना?” ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. मी शिक्का मारला. ग्राह्य धरायचं असं एकच कारण आहे, ‘कार्यालयाकडून चुकीची माहिती मिळाली’. त्यासाठी माहिती देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं आणि त्याने खाली ‘मान्य’ म्हणून सही करावी लागते. मग सगळं मागच्या तारखेपासून मिळतं. अशी सही केलेला एकही कर्मचारी मी सत्तावीस वर्षांत पाहिलेला नाही. कारण सही केली की त्याच्या सेवापुस्तकात शेरा पडतो, आणि शेरा सात वर्षं राहतो. सहाव्या चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत तेच होतं. शेरा असेपर्यंत विशेष श्रेणी नाही. माझी नोकरी सहा वर्षं राहिली आहे.

संध्याकाळी घरी गेले. आई खिडकीशी बसली होती. बावीस-तेवीस वर्षं ती मला दारातच एक प्रश्न विचारते, आज कोणाला काय मिळालं, आणि मी सांगते. त्या दिवशी म्हणाले, काही नाही. ती म्हणाली, “असं कसं, सोमवारची गर्दी ना आज?” मी भाजी चिरायला घेतली. वडील गेल्यावर आम्ही दोन वर्षं मावशीकडे राहिलो होतो, ती जेवणं मला आठवायला लागली. मावशी चांगली होती, पण जेवताना मी आणखी हवं म्हणायला तोंड उघडलं की आई टेबलाखालून माझा हात दाबायची. जोरात नाही, नुसता धरल्यासारखा. देतील ते घ्यायचं. मावशीच्या मुलाला कोणी हात दाबला नाही, तो ताटली पुढे करायचा आणि त्याला मिळायचं, आणि तो काही वाईट मुलगा नव्हता. मी आईला विचारलं, “तू माझा हात का दाबायचीस गं?” तिला लगेच कळलं कशाबद्दल ते. म्हणाली, “आपण त्यांच्याकडे राहत होतो.” मग थोड्या वेळाने, “तू उपाशी उठायचीस का?” मी नाही म्हणाले. उपाशी उठत नव्हते, थोडी भूक राहायची एवढंच. आईवर मला राग आला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. ब्याऐंशी वर्षांच्या बाईवर काय रागवायचं? मी कांदा बारीक, आणखी बारीक चिरत राहिले.

मंगळवारी मी सावकाशताईला सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. मागच्या खोलीत नेलं, चिठ्ठी हातात दिली. उद्याच्या आत अर्ज टाक, म्हटलं, एक दिवस जरी तू त्या श्रेणीत राहून निवृत्त झालीस तरी निवृत्तिवेतन त्या पगारावर बसेल, जन्मभर. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. तारखेवर बोट ठेवून थोडा वेळ थांबली. मी तिच्या बोटाकडे बघत होते आणि वाटत होतं, आता बोलेल. ती म्हणाली, “आणि मागचं?” मी म्हटलं, “मागचं मिळत नाही गं.” हे वाक्य मी हजारो वेळा म्हटलं आहे, ते तोंडातून आपलं आपण आलं. खोटं नव्हतं तसं. तिने विचारलेल्या प्रश्नाला मी नेहमीचं उत्तर दिलं. न विचारलेलं सांगायचं नाही, हे तर आमचं पहिल्या आठवड्यातलं शिक्षण. दुपारभर मी तिच्याकडे बघितलं नाही. माझाही अर्ज मी भरला होता, अकराव्या रकान्यासकट, आणि तो ड्रॉवरमध्ये होता. सहा वर्षं मिळेल, मग निवृत्तिवेतनही त्यावर बसेल, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन कर्ज न काढता होईल, असे हिशोब मी केलेही होते. मूग गिळून गप्प बसायला मला कोणी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच केलं.

बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर तपासणीचा गठ्ठा आला आणि त्यात तिचा अर्ज होता. अर्जदार आणि तपासनीस एकाच टेबलावरचे नसावेत एवढाच आमचा नियम आहे, शेजारचं टेबल चालतं. तिचं अक्षर गोल, सुटं सुटं. मी एकेक रकाना तपासत गेले. नाव, जन्मतारीख, रुजू दिनांक, सलग सेवा, सगळं बिनचूक. अकराव्यात तिने लिहिलं होतं, ‘माहीत नव्हते’. मी शिक्का उचलला. शिक्का मारला असता तर अर्ज मंजूर झाला असता, आजच्या तारखेपासून, संध्याकाळी चार वाजता निरोपाच्या कार्यक्रमात पुष्पगुच्छ देताना मीच दोन शब्द बोलले असते आणि ते शब्द चांगले असते. मी ते मनात जुळवलेही होते. पण ‘माहीत नव्हते’ हे कारण खोटं होतं. तिने विचारलं होतं. रांगेत उभी राहून विचारलं होतं. खोट्या कारणावर मी आजवर कधी शिक्का मारलेला नाही. मी थोर आहे म्हणून नाही, मला ते जमतच नाही, कागदावर चुकीचं काही राहिलं की मला जेवण जात नाही. मी शिक्का खाली ठेवला, त्रुटीची पिवळी चिठ्ठी काढली, ‘रकाना ११ : कारण वस्तुस्थितीस धरून नाही. दुरुस्त करून सादर करावे’ असं लिहिलं, अर्जाला टाचली आणि शिपायाबरोबर तीन हातांवरच्या शेजारच्या टेबलावर पाठवली.

तिने ती वाचली. मग खुर्ची ओढत माझ्याकडे आली, चाकं करकरली. “माझा अर्ज परत केलास तू? आज?”

“कारण बरोबर नाही त्यातलं.”

“काल तूच म्हणालीस, मागचं मिळत नाही. मग काय लिहू?”

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं. “तू मला विचारलं होतंस. मी नाही म्हणाले होते. पुस्तक न उघडता.”

खोलीत कोणीतरी पंचिंग मशीनने कागदांना भोकं पाडत होतं. मग ती तिच्या नेहमीच्या चालीत म्हणाली, “मला काल आठवलं होतं. चिठ्ठीवरची तारीख बघितली तेव्हाच. म्हटलं, हिला आठवत नसेल तर आता जाताजाता कशाला.”

“मला आठवत होतं. सोमवारपासून.”

“मग काल का नाही बोललीस?”

“काल मला माझी श्रेणी हवी होती.”

“आणि आज?”

“आजही हवीय.”

तिने माझ्याकडे बघितलं. एकोणतीस वर्षं लोकांचे कागद तपासलेली बाई, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. अकरावा रकाना, मान्य म्हणून सही, शेरा, सात वर्षं, माझी सहा. तिच्या डोळ्यांमागे ते सगळं क्रमाने लागताना मला दिसत होतं. “सही केलीस तर तुला नाही मिळायची,” ती म्हणाली.

“नाही.”

“कधीच?”

“शेरा जायच्या आधी मीच जाईन.”

तिने अर्ज मांडीवर घेतला. पंधरा वर्षांचा फरक किती होतो हे आम्हा दोघींना तोंडी काढता येतं, आम्ही दिवसभर दुसरं काय करतो? भाड्याची खोली परत घेता येईल, रात्री नवऱ्याजवळ बसायला कोणी ठेवता येईल. आणि तरी, आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं की तिने नको म्हणावं. जाऊ दे गं, म्हणावं. झालं गेलं म्हणावं, हसावं, चिठ्ठी फाडावी. तिचा स्वभावच तसा, कोणासाठी दार धरून उभी राहणारी. मी सांगितलं होतं, माझं काम झालं होतं, आता ती मोठेपणा दाखवेल आणि आम्ही दोघी चार वाजता पुष्पगुच्छ घेऊन फोटोत उभ्या राहू, असं मी गृहीत धरून चालले होते. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी तिच्याबाबतीत हेच गृहीत धरलं होतं. तिने चष्मा नाकावर नीट बसवला, ‘माहीत नव्हते’ वर एक सरळ रेघ ओढली, रेघेखाली नियमाप्रमाणे आपली आद्याक्षरं घातली. मग पेन तसंच धरून तिने मान वर केली.

“पूर्ण नाव सांग,” ती म्हणाली. “वडिलांच्या नावासकट.”